टाकी ६० लिटरची, माणसं चार

पहिल्याच फेरीला लांब जाऊ नका. आम्ही चौघं भाड्याची छोटी कॅम्पर व्हॅन घेऊन रावेरहून बऱ्हाणपूरमार्गे असीरगडला गेलो. जेमतेम पन्नासेक किलोमीटर, पण तेवढ्यातच सगळं कळलं.

विजेचं गणित सोपं. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण १,२०० वॅट-अवर. ३० वॅटचा पंखा दहा तास चालला तरी ३०० जातात. इंडक्शन शेगडी मात्र विसरा, तासाभरात बॅटरी बसते.

खरी परीक्षा पाण्याची! ६० लिटरची टाकी म्हणजे ६० किलो वजन, तेही वळणावर डुचमळणारं. वाहत्या नळाखाली भांडी घासायची सवय. दुपारीच पंप कोरडा घरघरायला लागला. मग संध्याकाळी ताटांऐवजी केळीची पानं. रावेरकरांना पानांची काय कमी?

वांगी बाहेरच, कपाशीच्या काड्यांवर भाजली. भरीत ठेचायची बडगी मात्र घरी राहिली. वाटीने ठेचलेल्या भरताला ती चव नाही, हे आईने दोनदा ऐकवलं.

बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा बघाच. १६१५ च्या सुमाराची मोगलकालीन जलव्यवस्था: सातपुड्याकडून झिरपणारं पाणी भुयारात गोळा करून, कुंड्यांच्या रांगेतून, निव्वळ उतारावर शहरात आणलेलं. ना पंप, ना बॅटरी. पोरगं आत डोकावून म्हणालं, "पप्पा, आपली टाकी इथेच भरू ना!"

आणि हो, स्वतःच्या गाडीची कॅम्पर करून घेणार असाल तर आधी आरटीओची परवानगी काढा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा.