कोकणातला भातशेतकरी खरंच हट्टी आहे?

'आपला भातकरी बापजाद्यांची रीत सोडत नाही.' हा गैरसमज सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत अन्यायाचा. कर्जत-३, रत्नागिरी-१ ही संशोधन केंद्रांतून आलेली वाणं कोकणातल्या शेतकऱ्यानं आपलीशी केली आहेत. वाण बदलायला नुसतं बियाणं बदलावं लागतं. पद्धत बदलायची म्हणजे वर्षाचं एकच पीक पणाला लावायचं, आणि ते बिघडलं तर घरचा तांदूळ विकत आणायचा.

'श्री' पद्धतच घ्या. मादागास्करमध्ये १९८०च्या दशकात फादर लोलानिये यांनी ती जुळवली. आठ ते बारा दिवसांचं कोवळं रोप, एका जागी एकच, २५ सेंटिमीटरवर. बियाणं वाचतं, फुटवे भरपूर येतात. पण जुलैच्या झडीत एवढंसं रोप पाण्याखाली जातं, आणि खेकड्यानं ते कुरतडलं तर ती जागा रिकामीच राहते. चुडात तीन-चार काड्या धरणाऱ्या बाईला अडाणी म्हणण्याआधी तिच्या खाचरात एकदा उतरावं. एखादी काडी गेली तरी चूड जगावा, म्हणून ती जास्तीची धरते.

'भाताला सतत उभं पाणी लागतं.' लागत नाही, सोसतं. पाण्याचा मोठा उपयोग तण दडपायला होतो. त्याच पाण्याखालच्या चिखलात हवेविना जगणारे जिवाणू मिथेन तयार करतात. म्हणून फिलिपाइन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था पाणी आळीपाळीनं भरायला आणि उतरू द्यायला सांगते. छिद्रांची नळी पुरून पाहायचं, पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेली की पुन्हा पाणी द्यायचं. कालव्याखालच्या शेतीला हे उत्तम. उतारावरच्या खाचरांत मात्र वरच्याचं पाणी बांधावरून खालच्याकडे येत राहतं. भर पावसात ते उतरवायचं कसं? इथे शेतकरी नाही म्हणतो ते बरोबरच आहे.

'टिकाऊ शेती म्हणजे रासायनिक खत अजिबात नको' हेही खरं नाही. चारसूत्री लागवडीत पेंढा किंवा तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला जमिनीत जातो, अंतर नेमून लावणी होते, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोल खोचली जाते. फेकलेला युरिया पावसाबरोबर वाहून जातो, गोळी मुळांपाशी राहते.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर बी टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, पुढच्या वर्षी तेच वाफे वापरायचे. लावणीला माणसं मिळत नाहीत, कंबरडं मोडतं. त्यातून सुटका होते म्हणून हे शेतकऱ्याच्या मनात भरतं. तण आवरायला तणनाशक मारावं लागतं, हा त्यातला खरा खटकणारा भाग, आणि तो शेतकऱ्याला आधीच सांगायला हवा.

शिवाय जमीन कोणाची, हे कोणी विचारत नाही. खंडानं शेत करणाऱ्याला पुढच्या वर्षी तेच खाचर मिळेल याची खात्री नसते. वर्षानुवर्षं टिकणारे वाफे त्यानं कशाच्या भरवशावर बांधायचे?