विश्लेषण : १२१ पराभव आणि ‘संघ विका’चा घोष… शिकागो व्हाइट सॉक्सचे चाहते माध्यमांवरही नाराज का?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये (एमएलबी) शिकागो व्हाइट सॉक्स संघाने २०२४च्या हंगामात १६२ पैकी १२१ सामने गमावले. आधुनिक बेसबॉलमधील एका हंगामातील पराभवांचा हा विक्रम. त्याआधीच्या वर्षी १०१ आणि नंतरच्या वर्षी १०२, असे सलग तीन हंगाम या संघाने शंभरहून अधिक सामने गमावले. चाहत्यांचा संताप मात्र केवळ खेळाडूंवर नाही. संघाचे मालक, संघाचे सामने दाखवणारी वाहिनी, समालोचक आणि शिकागोतील वृत्तपत्रे अशा सर्वांशीच त्यांचे भांडण आहे. हे भांडण नेमके काय आहे आणि ते इतके जुने का आहे, याचा हा आढावा.

१२१ पराभव म्हणजे नेमके किती वाईट?

एमएलबीमध्ये ३० संघ असून प्रत्येक संघ मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर या काळात १६२ सामने खेळतो. जवळपास रोज सामना असल्याने सर्वोत्तम संघही ६० सामने हरतो आणि तळाचा संघही साधारण ६० सामने जिंकतो. म्हणजे शंभर पराभव हीच नामुष्की मानली जाते. व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये चारपैकी तीन सामने गमावले. पहिल्या २५ सामन्यांत त्यांच्या नावावर अवघे तीन विजय होते. जुलै ते ऑगस्टदरम्यान ते सलग २१ सामने हरले आणि अमेरिकन लीगमधील १९८८च्या बाल्टिमोर ओरिओल्सच्या नकोशा विक्रमाशी त्यांनी बरोबरी केली. ही मालिका ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये खंडित झाली. त्यानंतर दोनच दिवसांत मॅनेजर (म्हणजे बेसबॉलमधील मुख्य प्रशिक्षक) पेद्रो ग्रिफोल यांची हकालपट्टी झाली. तेव्हा संघाची कामगिरी २८ विजय आणि ८९ पराभव अशी होती.

याआधीचा विक्रम १९६२च्या न्यूयॉर्क मेट्सच्या नावे होता. त्यांनी १२० सामने गमावले होते. पण मेट्सचा तो पहिलाच हंगाम होता. इतर संघांना नको असलेल्या खेळाडूंची मोट बांधून तो संघ उभा राहिला होता. व्हाइट सॉक्स हा मात्र १२० हून अधिक वर्षांची परंपरा असलेला, २००५चा वर्ल्ड सीरिज विजेता आणि २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून आपल्या गटात अव्वल ठरलेला संघ. तीन वर्षांत शिखरावरून थेट तळाला, हेच चाहत्यांच्या जिव्हारी लागले.

मालकांविरोधात घोषणा का?

जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे १९८१ पासून या संघाची सूत्रे आहेत. मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सचेही तेच मालक. बुल्सने १९९०च्या दशकात सहा विजेतेपदे मिळवली, व्हाइट सॉक्सने मात्र चार दशकांत एकच. तेही ८८ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर.

चाहत्यांची पहिली तक्रार खर्चाची. संघाने २०२५च्या हंगामापर्यंत कोणत्याही खेळाडूशी १० कोटी डॉलरचा करार केलेला नव्हता. सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिन्टेन्डीशी, पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरचा. त्याच काळात लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओहतानीशी ७० कोटी, तर मेट्सने हुआन सोटोशी साडेशहात्तर कोटी डॉलरचे करार केले. शिकागो हे अमेरिकेतील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर. तेथील संघाने छोट्या शहरातील संघाप्रमाणे हात आखडता का घ्यावा, हा चाहत्यांचा प्रश्न आहे.

दुसरी तक्रार जवळच्या माणसांवरील भिस्तीची. ऑगस्ट २०२३ मध्ये राइन्सडॉर्फ यांनी केन विल्यम्स आणि रिक हान या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना दूर केले, तेव्हा चाहत्यांना बदलाची आशा वाटली होती. पण काही दिवसांतच, बाहेर कोणाचाही शोध न घेता, संघातीलच ख्रिस गेट्झ यांना बढती देण्यात आली. बाहेरचा माणूस आणला तर त्याला संघ समजून घेण्यातच वर्ष जाईल, आपल्याला लवकर सुधारणा हवी आहे, असा युक्तिवाद मालकांनी केला. पुढच्याच वर्षी १२१ पराभव झाले. ‘सेल द टीम’ अर्थात ‘संघ विका’ ही घोषणा मग मैदानात नित्याची झाली.

पराभवाची शिक्षा संघाला का होत नाही?

युरोपीय फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. त्यामुळे मालकांचे आर्थिक नुकसान होते. एमएलबी मात्र आपल्या आयपीएलसारखी बंदिस्त लीग आहे. कितीही हरलात तरी जागा कायम. राष्ट्रीय प्रक्षेपण हक्कांचा पैसा सर्व संघांत समान वाटला जातो. शिवाय संघाचे बाजारमूल्य वाढतच राहते. १९८१ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलरला घेतलेल्या व्हाइट सॉक्सचे मूल्य आज अब्जावधी डॉलरमध्ये मोजले जाते. त्यामुळे पराभवाची झळ मालकापेक्षा चाहत्यालाच अधिक बसते.

हरणाऱ्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) प्राधान्य मिळते, हा एक दिलासा. पण व्हाइट सॉक्सच्या नशिबी तोही नव्हता. जाणूनबुजून हरण्याला आळा घालण्यासाठी एमएलबीने सोडत पद्धत आणली. त्यातील नियमानुसार, महसूल वाटणीत इतरांना पैसे देणाऱ्या मोठ्या शहरांतील संघांना सलग दोन वर्षे पहिल्या सहांत निवडीची संधी मिळत नाही. परिणामी विक्रमी पराभवांनंतरही २०२५च्या ड्राफ्टमध्ये व्हाइट सॉक्सला दहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

यात माध्यमांचा संबंध कुठे येतो?

अमेरिकेत संघाचे बहुतेक सामने स्थानिक क्रीडा वाहिनीवर दिसतात आणि त्या वाहिनीत अनेकदा संघाच्याच मालकाची भागीदारी असते. व्हाइट सॉक्सचे सामने २०२४ पर्यंत ‘एनबीसी स्पोर्ट्स शिकागो’वर दिसत. त्यात राइन्सडॉर्फ यांचा वाटा होता. त्यानंतर आलेल्या ‘शिकागो स्पोर्ट्स नेटवर्क’मध्येही आहे. म्हणजे ज्याच्यावर टीका करायची, तोच वाहिनीचा भागीदार. समालोचकाच्या नेमणुकीतही संघाचा शब्द महत्त्वाचा असतो. अशा व्यवस्थेत रोजच्या पराभवाचे प्रामाणिक विश्लेषण होईल का, अशी शंका चाहते घेतात.

या शंकेला आधार देणारे उदाहरण दुसऱ्या संघाचे आहे. २०२३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सचे समालोचक केव्हिन ब्राउन यांना काही काळ प्रक्षेपणापासून दूर ठेवण्यात आले. त्यांचा ‘गुन्हा’ काय, तर टॅम्पा बे रेजच्या मैदानावर संघाची आधीच्या वर्षांतील कामगिरी किती खराब होती आणि आता ती किती सुधारली, हे त्यांनी आकडेवारीसह सांगितले. ती आकडेवारी संघानेच पुरवलेल्या माहितीत होती. देशभरातील समालोचकांनी याचा निषेध केला आणि बाल्टिमोरच्या मैदानात ‘फ्री केव्हिन ब्राउन’च्या घोषणा झाल्या.

समालोचक बदलाने नाराजी कशी वाढली?

जेसन बेनेटी हे शिकागोच्या दक्षिण उपनगरात वाढलेले, लहानपणापासून व्हाइट सॉक्सचे चाहते. २०१६ पासून ते संघाचे समालोचन करत होते. संघ वाईट खेळला तर ते आडून का होईना, पण विनोदाने सांगत. संघ हरला तरी त्यांच्यासाठी सामना पाहावासा वाटे, असे अनेक चाहते म्हणत. २०२३च्या हंगामानंतर बेनेटी डेट्रॉइट टायगर्सकडे गेले. आधीच खेळाडू, प्रशिक्षक, अधिकारी यांच्यावरचा विश्वास उडालेला. त्यात घरातला वाटावा असा आवाजही गेला.

त्यांच्या जागी आलेले जॉन श्रिफेन उत्साही होते. परंतु एप्रिल २०२४ मध्ये रेजविरुद्धची मालिका जिंकल्यावर त्यांनी थेट प्रक्षेपणात संघाच्या टीकाकारांना टोमणा मारला. तेव्हा संघाने जेमतेम सहा सामने जिंकले होते. ज्यांना श्रिफेन टीकाकार समजत होते, ते रोज रात्री हरणारा संघ पाहणारे स्वतःचेच प्रेक्षक होते. चाहत्यांचा आक्षेप उत्साहाला नव्हता. डोळ्यांना दिसते त्याच्या विरुद्ध सूर लावला जातो, याला होता.

याच वाहिनीवर सामन्यानंतरच्या चर्चेत ओझी गिएन यांना मात्र चाहते आवर्जून ऐकत. २००५च्या विजेत्या संघाचे मॅनेजर असलेले गिएन चुका झाल्या की स्पष्टपणे बोलत. मालकाच्या वाहिनीवरही खरे बोलता येते आणि ते लोकांना हवे असते, हे त्यातून दिसले.

‘माध्यमे कब्जचीच’ ही तक्रार खरी आहे का?

शिकागोत दोन संघ आहेत. उत्तरेकडे कब्ज, दक्षिणेकडे व्हाइट सॉक्स. शहरातील माध्यमे कब्जलाच झुकते माप देतात, ही दक्षिणेकडील चाहत्यांची पिढ्यान्पिढ्यांची तक्रार. तिला ठोस आधार आहे. ‘शिकागो ट्रिब्यून’ वृत्तपत्र आणि ‘डब्ल्यूजीएन’ वाहिनी चालवणाऱ्या ट्रिब्यून कंपनीने १९८१ मध्ये कब्ज संघच विकत घेतला आणि २००९ पर्यंत तो आपल्याकडे ठेवला. शहरातील सर्वांत मोठे वृत्तपत्र आणि प्रतिस्पर्धी संघ एकाच घरचे, असा तो काळ.

पण दोष एकट्या ट्रिब्यूनचा नाही. व्हाइट सॉक्सने १९८२ मध्ये आपले सामने ‘स्पोर्ट्सव्हिजन’ या सशुल्क वाहिनीवर नेले. त्यांचे लोकप्रिय समालोचक हॅरी केरी त्याच सुमारास कब्जकडे गेले. केरी यांचा आवाज डब्ल्यूजीएनवरून देशभर पोहोचला आणि एका नव्या पिढीला कब्जची गोडी लागली. व्हाइट सॉक्स पाहण्यासाठी मात्र पैसे मोजावे लागत होते. चार दशकांनंतर याचीच पुनरावृत्ती झाली. नवी वाहिनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पण शिकागोतील प्रमुख केबल कंपनी कॉमकास्टशी तिचा करार जून २०२५ पर्यंत झाला नाही. अँटेना लावणाऱ्यांना सामने मोफत दिसत होते, पण कॉमकास्टच्या हजारो घरांत हंगामाचे पहिले दोन महिने ते दिसलेच नाहीत.

राष्ट्रीय माध्यमांबाबतचा अनुभव आणखी कडवट. एरवी फिरकूनही न पाहणारे कॅमेरे सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रमी पराभव टिपण्यासाठी दक्षिण शिकागोत आले. १२० पराभवांची बरोबरी झाल्यावर संघाने घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकले. त्यातही ‘संघ विका’च्या घोषणा झाल्याच. अखेर २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये १२१वा पराभव झाला. संघाचा ऱ्हास दोन वर्षे सुरू होता. बातमी मात्र शेवटच्या आठवड्यात झाली.

चाहत्यांच्या हाती काय उरते?

पहिला मार्ग मैदानाकडे पाठ फिरवण्याचा. २००६ मध्ये व्हाइट सॉक्सचे घरचे सामने पाहायला २९ लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. २०२४ मध्ये ही संख्या १४ लाखांच्याही खाली होती. पण रिकाम्या खुर्च्यांचा अर्थ मालक ‘शहराला संघ नको आहे’ असाही लावू शकतो. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या चाहत्यांना हीच भीती होती. म्हणून त्यांनी १३ जून २०२३ रोजी उलटा बहिष्कार केला. ‘सेल’ लिहिलेले हिरवे टी-शर्ट घालून २७,७५९ जण मैदानात जमले. देशभर चर्चा झाली, तरी २०२४ नंतर संघाने ओकलंड सोडलेच.

शिकागोतही ही भीती अनाठायी नाही. १९८८ मध्ये संघ फ्लोरिडाला नेण्याची तयारी झाली होती. इलिनॉय राज्याने अखेरच्या क्षणी सरकारी पैशातून नवे मैदान बांधण्यास मंजुरी दिली, तेव्हा संघ थांबला. त्या मैदानाचा करार २०२९ मध्ये संपतो आणि नव्या मैदानासाठी पुन्हा सार्वजनिक निधीची मागणी पुढे आली आहे. त्यामुळे हा प्रश्न करदात्यांचाही आहे. म्हणूनच मालकाला अवघड प्रश्न विचारणारी स्वतंत्र पत्रकारिता शहराला हवी आहे.

पुढे काय?

जून २०२५ मध्ये उद्योजक जस्टिन इशबिया यांच्याशी झालेला दीर्घकालीन करार जाहीर झाला. त्यानुसार २०२९ ते २०३३ दरम्यान राइन्सडॉर्फ संघाचे नियंत्रण इशबिया यांना विकू शकतात. २०३४च्या हंगामानंतर तो पर्याय इशबिया यांच्याकडे येतो. २०२९ पूर्वी मात्र मालकी बदलणार नाही. मैदानावर थोडी आशा आहे. २०२५ मध्ये विजय ४१ वरून ६० वर गेले आणि कोल्सन माँटगोमेरीसारख्या तरुणाने पदार्पणाच्या हंगामातच २१ होम रन फटकावले. त्याच वर्षी कोलोराडो रॉकीज संघ ११९ सामने हरला. त्यामुळे नामुष्कीचा प्रकाशझोत शिकागोवरून हलला.

मे २०२५ मध्ये शिकागोत वाढलेले पोप लिओ चौदावे निवडले गेले. सुरुवातीला ते कब्जचे चाहते असल्याच्या बातम्या आल्या. त्यांच्या भावाने खुलासा केला, की पोप व्हाइट सॉक्सचे. २००५च्या वर्ल्ड सीरिजमध्ये प्रेक्षकांत बसलेले त्यांचे छायाचित्रणही सापडले. दक्षिण शिकागोत आनंद झाला. पण ‘याहीवेळी आधी कब्जचेच नाव’ ही कुरकुरही झाली. पराभव विसरता येतात. आपली दखलच घेतली जात नाही, ही भावना पुसण्यासाठी संघाला आणि माध्यमांना अधिक काळ लागेल.