अपघातस्थळीची अतिदक्षता

रुग्णवाहिका म्हटली की लाल दिवा, भोंगा, एक स्ट्रेचर आणि वेगाने गाडी हाकणारा चालक एवढे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. जखमी माणसाला उचलावे आणि शक्य तितक्या लवकर रुग्णालयाच्या दारात नेऊन पोचवावे, इतकेच या गाडीचे काम, अशी आपली समजूत असते. ही समजूत अगदीच चुकीची आहे असे नव्हे; परंतु ती अपुरी आहे. गंभीर जखमी माणसाच्या बाबतीत रुग्णालय गाठण्यापूर्वीचा जो अवधी असतो, त्यातच पुष्कळदा त्याच्या आयुष्याचा निकाल लागतो. त्या अवधीत त्याच्याजवळ कोण असावे आणि त्या व्यक्तीचे शिक्षण किती झालेले असावे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याचा आज आपण विचार करू.

मेलबर्न शहरात १९७१ साली फिरत्या अतिदक्षता रुग्णवाहिकेचा प्रयोग सुरू झाला. आरंभी या गाडीत डॉक्टर बसत असे. पुढे रुग्णवाहिकेवरील सेवकांनाच विशेष शिक्षण देऊन ही जबाबदारी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. अशा सेवकाला पॅरामेडिक म्हणतात. तो डॉक्टर नव्हे, आणि केवळ प्रथमोपचार जाणणारा मदतनीसही नव्हे. आज तेथे पॅरामेडिक होण्यास विद्यापीठाची पदवी लागते, आणि डिसेंबर २०१८ पासून ऑस्ट्रेलियात या व्यवसायाची राष्ट्रीय नोंदणीही आवश्यक झाली आहे. पदवीनंतर रस्त्यावरच्या कामाचा अनुभव घेतलेल्यांतून निवडक जणांना अतिदक्षतेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्यासाठी मोनॅश विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. वर्गातील अध्ययन, पुतळ्यांवरील सराव, रुग्णालयातील अनुभव आणि नंतर अनुभवी सहकाऱ्याच्या नजरेखाली रस्त्यावरचे काम, अशा पायऱ्यांनी हे शिक्षण पुरे होते.

एवढ्या शिक्षणाची गरजच काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर डोक्याच्या दुखापतीच्या एका उदाहरणावरून चांगले समजेल. मोटारीच्या धडकेत ज्याच्या मेंदूला जबर मार बसला आहे, असा माणूस बेशुद्ध असतो. त्याचा जबडा घट्ट मिटलेला असतो. उलटी किंवा रक्त घशात साचून श्वास अडतो. पहिल्या आघाताने मेंदूची जी हानी झाली ती झालीच. परंतु प्राणवायू कमी पडल्याने आणि रक्तदाब उतरल्याने दुसरी हानी होत असते, आणि ती टाळता येण्याजोगी असते. त्यासाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. जबडा मिटलेला असल्यामुळे आधी भुलीचे आणि स्नायू सैल करणारे औषध द्यावे लागते. ते औषध दिले की रुग्णाचा स्वतःचा श्वासही थांबतो. त्या क्षणापासून त्याचा प्रत्येक श्वास हा औषध देणाऱ्याच्या हाती असतो. नळी चुकून अन्ननलिकेत गेली आणि ते ध्यानात आले नाही, तर काही मिनिटांतच रुग्ण दगावतो.

हे काम अल्प शिक्षणावर केले तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेतील सॅन दिएगो येथे आला. तेथील पॅरामेडिकांना या विधीचे थोडक्या तासांचे जादा शिक्षण देऊन तो रस्त्यावर सुरू करण्यात आला. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते धक्कादायक होते. नळी घातलेल्या २०९ रुग्णांपैकी सुमारे ३३ टक्के दगावले होते. तशाच प्रकारच्या दुखापतीच्या पूर्वीच्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. पूर्वीच्या रुग्णांशी केलेली तुलना ही काटेकोर कसोटी नव्हे, हे खरे. तथापि पुढील तपासात दोन गोष्टी दिसल्या. नळी घालताना कित्येकांचा प्राणवायू उतरला होता. आणि नळी बसल्यावर पुष्कळांना फार जलद श्वास दिले गेले होते. श्वास जलद दिला की रक्तातील कार्बन डायॉक्साइड घटतो, त्यामुळे मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणजे हात कुशल असूनही भागले नाही; हाताने जे केले त्याचा देहावर काय परिणाम होतो, याचे ज्ञान आणि त्यावर सतत लक्ष ठेवणारी नजर कमी पडली.

व्हिक्टोरियात हाच विधी पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकांच्या हाती देऊन त्याची रीतसर परीक्षा घेण्यात आली. ३१२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली: एका गटाला नळी अपघातस्थळीच घालावयाची, दुसऱ्याला रुग्णालयात डॉक्टरांनी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील ५१ टक्के रुग्णांची मेंदूची स्थिती समाधानकारक होती. दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांची. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही, आणि पहिल्या गटात रुग्णालयात पोचण्यापूर्वी हृदय बंद पडण्याचे प्रसंग अधिक आले. तेव्हा ही काही जादूची कांडी नव्हे. विधी एकच, पण करणाऱ्याच्या तयारीने त्याचे फळ बदलते, एवढा बोध मात्र यातून निश्चित घेता येतो.

डोक्याच्या दुखापतीसारखेच छातीचे आणि रक्तस्रावाचे आहे. फुप्फुस फाटून छातीत हवा कोंडली, तर हृदयाकडे परतणारे रक्त अडते. ती हवा तेथल्या तेथे बाहेर काढावी लागते. कंबरेचे हाड मोडले असता आत पुष्कळ रक्त वाहते. तेथे पट्टा आवळावा लागतो. रक्त गोठण्यास साहाय्य करणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे औषध जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास मृत्यू कमी होतात, असे वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात आढळले. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनी येथे ते रस्त्यावरच देऊन पाहण्यात आले. २०२३ साली निष्कर्ष आला की, पहिल्या महिन्यातील मृत्यू काहीसे कमी झाले, परंतु सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण मात्र वाढले नाही. आजचा नियम उद्या बदलू शकतो. तो का बदलला हे समजणारा सेवक हवा, आणि तेच विद्यापीठाच्या शिक्षणाचे प्रयोजन होय.

काय करू नये हे ठरविणे ही या शिक्षणाची खरी कसोटी आहे. पोटात रक्तस्राव होत असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियागृहाची गरज असते. रस्त्याच्या कडेला घालवलेले प्रत्येक मिनिट त्याच्या आयुष्यातून वजा होते. म्हणून थांबावे की निघावे, हा निर्णय पॅरामेडिकला क्षणात घ्यावा लागतो. त्यातही त्याच्यामागे सुव्यवस्था असावी लागते. व्हिक्टोरियात १९९९ च्या पाहणीनंतर गंभीर जखमींसाठी मेलबर्नमधील तीन रुग्णालये, दोन प्रौढांसाठी व एक मुलांसाठी, मुक्रर झाली. उत्तम सेवक आणि सिद्ध रुग्णालय या साखळीच्या दोन कड्या आहेत. एक निसटली की दुसरी व्यर्थ.

डॉक्टर नसलेल्याच्या हाती एवढा अधिकार द्यावा काय, ही शंका रास्त आहे. लंडनमध्ये १९८९ पासून चालू असलेल्या हवाई रुग्णवाहिकेने डॉक्टर आणि पॅरामेडिक या जोडीचा मार्ग पत्करला. दोन्ही पद्धतींत एक सूत्र मात्र समान आहे: अधिकार शिक्षणाच्या मागून यावा, पुढून नव्हे.

आपल्याकडे १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांत पसरली. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. बेळगावहून गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटात अपघात झाला, तर मोठे रुग्णालय दोन्ही बाजूंनी दूर राहते. अशा ठिकाणी गाडीतला माणूस हाच जखमीचा एकमेव वैद्य असतो. २०२१ साली संसदेने आरोग्यक्षेत्रातील सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, ही या दिशेने स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु कळसाआधी पाया हवा. वाहते रक्त थांबविणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि योग्य रुग्णालय निवडणे, एवढे प्रत्येक गाडीत चोख होऊ लागले म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या कळसाला अर्थ येईल. गाड्या विकत घेता येतात, माणसे मात्र घडवावी लागतात, आणि ती घडविण्यास वर्षे लागतात. म्हणूनच आरंभ लवकर झाला पाहिजे.