गोठ्यातले चलच्चित्र
लेखमाला : चित्रे कशी चालतात (लेखांक ६)

गेल्या लेखांकात कॅमेऱ्याच्या झडपेचे कार्य आपण पाहिले. त्याच झडपेच्या साह्याने निर्जीव बाहुलीला चालविता कसे येते, हा या आठवड्याचा विषय आहे. त्यासाठी निवडलेली मालिका आमच्या ताथवड्याच्या घरी गेल्या दिवाळीत, लहानपण इंग्लंडात गेलेल्या पुतण्याच्या सामानातून, एका तबकडीच्या रूपाने आली. प्रथम ती चालेचना, कारण चित्रतबकड्यांच्या व्यवहारात जगाची वाटणी करून ब्रिटनला दुसऱ्या विभागात आणि हिंदुस्थानाला पाचव्यात घातले आहे, आणि यंत्रे त्या वाटणीबरहुकूम परमुलखाची तबकडी नाकारतात. सर्व विभागांची मुभा असलेले यंत्र शेजाऱ्यांकडून आणले, तेव्हा कोठे ‘बॅगपस’ नावाचे गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांचे कापडी मांजर जांभई देत जागे झाले.

ही मालिका बीबीसीवर १९७४ साली प्रथम दाखविली गेली. एमिली नावाची मुलगी हरवलेली, मोडलेली एखादी वस्तू आपल्या दुकानात आणते. मांजर जागे होताच तपकिरी चित्रात रंग भरतो, लाकडी सुतारपक्षी विद्वत्ता पाजळतो, उंदीर ती वस्तू दुरुस्त करतात, आणि धनी येऊन घेऊन जाईल या आशेने ती खिडकीत मांडून ठेवली जाते. या दुकानात विक्री म्हणून होतच नाही. शंभरेक भाग तरी असावेत, अशी पुतण्याची बालपणापासूनची समजूत होती. तबकडीवर निघाले अवघे तेरा. तेच तेरा वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा दाखविले गेले, आणि स्मृतीने त्यांचा गुणाकार केला.

मालिकेचे कर्ते दोघे : ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन. केंट परगण्यात ब्लीन या गावी फर्मिन यांच्या शेतावर जो रिकामा गोठा होता, तोच त्यांचा कारखाना. आमच्या ताथवड्यात सरकारचे पशुपैदास प्रक्षेत्र असल्यामुळे गोठ्याचे आम्हांस अप्रूप नाही; परंतु गोठ्यातून असे दुभते निघेल, अशी कल्पना मात्र कधी शिवली नव्हती.

आता कृतीचा तपशील. बाहुली किंचित हलवावयाची, हात बाजूला घ्यावयाचा, एक चौकट टिपावयाची, पुन्हा हलवावयाची. ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या एका सेकंदात २५ चौकटी जातात. म्हणजे पंधरा मिनिटांच्या भागाला २२,५०० चौकटी झाल्या. एकच स्थिती दोन चौकटींत टिपून निम्मे श्रम वाचविण्याची या धंद्यात वहिवाट आहे. तरीही दिवसाकाठी दोन मिनिटांचे चित्रण करणारे पोस्टगेट या क्षेत्रात विलक्षण वेगवान ठरतात.

घरच्या तबकडीचा खरा लाभ येथे कळतो. चित्र थांबवून एकेक चौकट पुढे सरकविली, की मांजराच्या अंगावरील लव एका चौकटीत इकडे, तर पुढच्या चौकटीत तिकडे वळलेली दिसते. हाताची बोटे चित्रात नसतात. त्यांचा स्पर्श मात्र चौकटीचौकटीत राहून गेलेला असतो.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नव्हती. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२च्या सुमारास, कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे रोजच्या रोज थोडे थोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा चित्रपट तयार केला आणि त्याच्या बळावर भांडवलदाराची खात्री पटविली. पुढे १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यांकडून कसरती करविल्या. फाळके १९४४ साली वारले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले १९६४ साली. त्या आगकाड्या आज पाहावयास मिळत नाहीत. मग त्या थांबवून न्याहाळण्याची गोष्टच दूर.

म्हणून त्या रात्री आम्ही चुलता-पुतण्यांनी स्वयंपाकघरातील आगपेटी घेतली आणि भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने २५ चौकटी टिपल्या. सव्वा तास लागला. काडी मेजावर वीतभर सरकली, अडखळली, आणि सेकंद संपला. फाळक्यांच्या मेजावर ती कशी चालली असेल याचा काहीसा अदमास मात्र त्या सेकंदाने आम्हांस दिला.

(पुढील लेखांकी : मूक बाहुलीला आवाज कसा देतात.)