मांजर, कुत्रा आणि दोन खोल्यांचं बिऱ्हाड

लेखमाला : घरातली जनावरं – भाग नववा

सूरजागडच्या डोंगराखालच्या गावांत कुत्रा आणि मांजर दोघंही कामाची जनावरं. कुत्रा अंगण राखतो, माणसामागे रानात जातो. मांजर कणगीच्या आसपास फिरतं आणि धानावरचे उंदीर आटोक्यात ठेवतं. दोघांची कामं वेगळी, जागा वेगळ्या, बऱ्याच अंशी वेळाही वेगळ्या. कुडाच्या घराला सगळीकडून वाटा असतात. कुत्रा जवळ आला की मांजर आढ्यावर चढतं, तिथून कवेलूंवर जातं आणि भांडण सुरू होण्याआधीच संपतं. या दोघांची ओळख कशी करून द्यायची, असं त्या घरांत कुणाला विचारावं लागत नाही.

प्रश्न उभा राहतो तो भिंती पक्क्या झाल्यावर. एटापल्ली, आलापल्ली, अहेरीत भाड्याच्या खोल्यांमध्ये शिक्षक, आरोग्यसेविका, वनरक्षक, खाणीत कामाला आलेले लोक राहतात. भाडं वाटून घ्यायला दोघं-तिघं एकत्र बिऱ्हाड करतात. समजा, एका आरोग्यसेविकेकडे तीन वर्षांचं मांजर आहे आणि तिच्यासोबत राहायला येणाऱ्या शिक्षिकेनं गावातून कुत्रा आणलाय. खोल्या दोन, दार एक, खिडकीला गज. मांजराला आढं नाही, कवेलू नाहीत. त्यात हा बिबट्यांचा मुलूख. रात्री बाहेर बांधलेला कुत्रा ही बिबट्याची सोपी शिकार असते, म्हणून अंधार पडला की त्याला घरात घ्यावंच लागतं. संध्याकाळ आणि पहाट या मांजराच्या सर्वांत जाग्या वेळा. नेमक्या त्याच वेळी त्याच्या जागेत एक मोठं, धापा टाकणारं जनावर येऊन बसतं.

अशा घरात पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट हमखास केली जाते. मांजराला उचलून कुत्र्यासमोर धरतात आणि म्हणतात, "बघ, हा आपलाच आहे." कृपा करून हे करू नका. हातात धरलेल्या मांजराला पळायला जागा नसते. ते घाबरतं, नखं काढतं, धरणाऱ्याचं तोंड ओरबाडतं आणि निसटून पळतं. पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करायचा, हे कुत्र्याच्या अंगातच आहे. एका मिनिटात दोघांनाही जे कळायला नको ते कळतं: मांजराला कळतं की हा प्राणी धोक्याचा, कुत्र्याला कळतं की हा प्राणी पळवण्यात मजा. हे पुसायला पुढे महिने जातात.

दोघांमध्ये जन्माचं वैर आहे असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही, आणि पटू नये असं उदाहरण आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे. भामरागडजवळच्या हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तिथे डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्याकडे रानातली अनाथ पिल्लं येऊ लागली. पहिलं आलं ते माकडाचं पिल्लू, बबली. शिकारीत मेलेल्या आईच्या अंगाला ती चिकटून होती. पुढे बिबटे, अस्वलं, तरस, हरणं असा मोठा गोतावळा जमला. तिथेच काम करणाऱ्या विलास मनोहर यांचं 'नेगल' हे पुस्तक याच सहवासातून आलं. तिथल्या जुन्या छायाचित्रांत बिबट्या आणि कुत्रा शेजारी शेजारी निवांत दिसतात. ज्या कुळाला आपण कुत्र्याचा काळ समजतो, त्याचंच पिल्लू कुत्र्यासोबत लोळतं, कारण दोघांनी एकमेकांना फार लहान वयात पाहिलेलं असतं. (रानात सापडलेलं रानमांजराचं किंवा बिबट्याचं पिल्लू घरी आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. बहुतेक वेळा त्याची आई जवळच असते. त्याला हात न लावता वनविभागाला कळवा.)

वयाचा हा मुद्दा प्रयोगांतूनही पुढे आला आहे. झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञानं १९३० मध्ये मांजरीची पिल्लं उंदरांसोबत वाढवली. त्यांतल्या बहुतेकांनी मोठेपणी उंदीर मारले नाहीत. मांजराच्या पिल्लासाठी साधारण दुसरा ते सातवा आठवडा आणि कुत्र्याच्या पिल्लासाठी तिसरा ते बारावा आठवडा हा काळ फार मोलाचा. त्या दिवसांत जे जनावर रोज शांतपणे समोर दिसतं, ते पुढे आपल्यातलं वाटतं. इस्राएलमधल्या तेल अवीव विद्यापीठाच्या फॉयरस्टाइन आणि टर्केल यांनी कुत्रं-मांजर एकत्र असलेल्या घरांचा अभ्यास करून २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. तीनपैकी सुमारे दोन घरांत दोघांचं चांगलं जमत होतं, खरी मारामारी दहांत एखाद्या घरात होती. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना भेट झाली असेल, तर जमण्याची शक्यता जास्त. घरात मांजर आधीपासून असलं, कुत्रा नंतर आला, तर आणखी बरं.

याच अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. दोघांच्या शरीराच्या खुणा उलट्या आहेत. कुत्रा शेपूट हलवतो ती बहुधा आनंदानं. मांजर शेपूट झटकतं ते चिडून. कुत्रा उताणा पडला तर सहसा नमतं घेतो. भांडणात उताणं झालेलं मांजर चारही पंजे मोकळे करून लढायला तयार असतं. कुत्रा ओळख करून घ्यायला सरळ धावत येतो; मांजराला सरळ अंगावर येणारा प्राणी म्हणजे हल्ला. असं असूनही, एकत्र राहणारी जनावरं एकमेकांच्या खुणा वाचायला शिकतात. अशा घरांतले कुत्रे मांजरांसारखं नाकाला नाक लावून भेटताना दिसले. पण खुणा वाचायला शांत मन लागतं, आणि भेदरलेलं जनावर काही शिकत नाही.

म्हणून या कामात वेग मांजरानं ठरवायचा. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या पाहणीतही हेच निघालं की दोघांचं नातं कसं होईल, हे कुत्र्यापेक्षा मांजर किती निश्चिंत आहे यावर जास्त अवलंबून असतं. घरातली माणसं मात्र उलटं वागतात. कुत्रा दांडगा, भुंकतो, दार खरवडतो, म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. पलंगाखाली गप्प बसलेलं मांजर शांत आहे असं वाटतं. ते शांत नसतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आतली खोली मांजराची. तिथे त्याचं पाणी, खाणं, घमेल्यात कोरडी रेती आणि त्याच्या सवयीचा, धुतलेला नसेल असा गोणपाटाचा तुकडा ठेवा. जुन्या वासानं त्याला धीर येतो. भिंतीवर कुत्र्याची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर एक रुंद फळी ठोका, शक्य असेल तर दुसरी फळी दाराच्या वर. हरवलेलं आढं आपण त्याला परत देतो आहोत, असं समजा. मांजरही या घरात नवं असेल तर पहिले दोन-तीन आठवडे त्याला बाहेर सोडू नका. ते जुन्या घराकडे निघतं, आणि एटापल्लीच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची वर्दळ केवढी असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

पहिली ओळख नाकानं होऊ द्या. एका फडक्यानं मांजराचे गाल हलकेच पुसा आणि ते फडकं कुत्र्याच्या खाण्याच्या ताटलीजवळ ठेवा. कुत्र्याच्या अंथरुणाचा तुकडा मांजराच्या खोलीत, पण त्याच्या खाण्यापासून लांब. कुत्र्यानं वास घेतला आणि पुढे निघून गेला, हे उत्तम. तो दाराशी कुं कुं करत खिळून बसत असेल तर अजून थांबा. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी खायला द्या. आधी दारापासून दूर, रोज थोडं जवळ. दोघंही दाराला लागून निवांत खाऊ लागली की नजरेची वेळ येते.

इथे बुरडाकडून विणून घेतलेली बांबूची ताटी फार उपयोगी पडते. पंजा जाणार नाही पण दिसेल इतकी फट ठेवायला सांगा आणि ती दारात घट्ट बांधा. कुत्र्याला आधी लांब फिरवून दमवा, मग दोरीनं धरून बसवा. मांजर मोकळं. कुत्र्यानं मांजरावरून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की लगेच तोंडात काहीतरी द्या. आपण त्याला हेच शिकवतोय: मांजराकडे दुर्लक्ष केलं की फायदा होतो. कुत्रा माडिया घरात वाढला असेल तर "बस", "ये" हे त्याला माडियातच सांगा. घर बदललं त्याच दिवशी त्याची भाषाही बदलायला नको. भेट पाच मिनिटांची पुरे, आणि काही बिघडायच्या आत संपवा. मोकळी भेट होईल तेव्हाही सुरुवातीला दोरी कुत्र्याच्या गळ्यात असू द्या.

कुत्र्याचं अंग ताठ झालं, तोंड मिटलं, डोळे मांजरावर रुतले आणि हाक ऐकू येईनाशी झाली, तर ती भेट तिथेच थांबवा. हे खेळणं नव्हे. मांजराचे कान मागे चिकटलेले, बाहुल्या मोठ्या, रेती सोडून भलतीकडे मुतणं, ही त्याची तक्रार आहे. मांजरानं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्या; उपाशी मांजराचं यकृत झपाट्यानं बिघडतं. आणि तुम्ही घरी नसताना किंवा झोपलेले असताना दोघांच्या मध्ये दार बंद हवं. आठवडाभर बरं चाललं म्हणून हा नियम सैल करू नका. जम बसायला काहींना पंधरा दिवस लागतात, काहींना सहा महिने.

खाण्याबद्दल थोडक्यात: मांजराला मासे-मांस लागतंच, दूधभातावर ते खंगतं. त्याचं खाणं उंच ठेवा, नाहीतर कुत्रा संपवेल.

मागच्या भागात गोचिडांवरची औषधं पाहिली. एकत्र घरासाठी त्यात एक अत्यंत महत्त्वाची भर घालतो. कुत्र्यासाठी मिळणाऱ्या औषधांत परमेथ्रिन किंवा अमिट्राझ असेल तर ते मांजराला विष आहे. मांजराला लावणं तर दूरच. औषध लावलेल्या ओल्या कुत्र्याला मांजरानं अंग घासलं किंवा चाटलं तरी त्याला झटके येऊ शकतात. अंग पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा आणि दुकानात विचारताना घरात मांजर आहे हे आधी सांगा. रेबीजची लस दोघांनाही द्या, तीन महिन्यांचं वय झालं की. या ओळखीच्या गडबडीत कुणी तुम्हाला चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. पाळीव आहे म्हणून थांबू नका.

काही जोड्या जमत नाहीत. रानात सशामागे धावून शिकार धरायला शिकलेला, किंवा आधी मांजर मारलेला मोठा कुत्रा दोन खोल्यांच्या घरात मांजरासोबत ठेवू नये. कितीही जीव असला तरी हा धोका मांजराच्या माथी मारण्याचा आपल्याला हक्क नाही. अशा वेळी गावाकडच्या कुणाच्या कणगीजवळ त्या मांजराला जागा मिळाली, तर ते तिथे सुखानं राहील आणि त्या घराचं धानही वाचेल. पण हा निर्णय पहिल्या भांडणानंतर घाईत घेऊ नका. वर सांगितलेल्या पायऱ्या सावकाश करून पाहा, आणि तरीही कुत्र्याची नजर निवळत नसेल, तर घ्या.

पुढच्या भागात : पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता तुटतो तेव्हा जनावरांसाठी घरात कोणती औषधं आणि किती चारा-खाणं साठवून ठेवावं.