आधी धीर, मग धडा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात वाला वाला नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या लिंकन हायस्कूलमध्ये एका मुलाने शिक्षकाला अर्वाच्य शिवी दिली. शिरस्त्याप्रमाणे त्याची रवानगी थेट शाळेबाहेर व्हायची. मुख्याध्यापक जिम स्पोरलेडर यांनी मात्र त्याला समोर बसवलं आणि विचारलं, बरा आहेस ना? एक ते दहामध्ये सांगायचं तर राग आत्ता कितीवर आहे?

मुलगा बोलणी खायच्या तयारीने आला होता. या प्रश्नापुढे त्याचा सगळा आवेश गळाला. वडील दारू पितात, जन्मभर वचनं देत आलेत आणि एकही पाळत नाहीत, असं तो भडाभडा बोलून गेला. शिक्षा त्याला झालीच, पण ती शाळेतल्याच एका शांत खोलीत बसण्याची. नंतर कुणीही न सांगता तो त्या शिक्षकाची माफी मागायला गेला.

सततच्या ताणाने मुलांच्या मेंदूचं काय होतं, हे स्पोरलेडर यांनी २०१० मध्ये एका व्याख्यानात ऐकलं होतं आणि त्यानंतर शाळेतली शिस्तीची पद्धतच बदलली होती.

मेंदू खालून वर घडत जातो. तळाशी श्वास, हृदयाचे ठोके आणि झोप सांभाळणारा भाग असतो. त्याच्यावर भावनांचा. विचार करणारा, स्वतःला आवर घालणारा भाग कपाळामागे असतो आणि तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, खालचे भाग ताबा घेतात आणि विचाराचं काम मंदावतं. घरात रोज मारहाण पाहणाऱ्या मुलाच्या डोक्यातली ही धोक्याची घंटा शाळेतही थांबत नाही. बाक सरकल्याचा आवाज, बाईंचा चढलेला स्वर एवढंही तिला पुरतं. अशी काही मुलं अंगावर धावून येतात, काही गोठून खिडकीबाहेर बघत बसतात. पहिल्याला आपण उद्धट म्हणतो, दुसऱ्याला मठ्ठ. दोघांवरही अन्यायच.

बालमानसोपचारतज्ज्ञ ब्रूस पेरी यांनी हे फार जवळून पाहिलं. १९९३ मध्ये टेक्सासमधल्या वेको इथे एका धर्मपंथाच्या वस्तीला सरकारी यंत्रणांनी ५१ दिवस वेढा घातला होता. सुरुवातीच्या काही दिवसांत तिथून २१ मुलं बाहेर आली. स्वस्थ बसलेल्या मुलांचीही नाडी नेहमीपेक्षा कितीतरी जलद चालत होती. पेरींनी त्यांना खोदून खोदून काही विचारलं नाही. जेवण, खेळ, झोप यांच्या वेळा बांधून दिल्या, मुलांभोवती तीच ती माणसं राहतील असं पाहिलं. कुणाजवळ कधी बसायचं, किती बोलायचं, हे मुलांनीच ठरवायचं. आधी शरीर शांत, मग नातं, मग समजावणं: पेरी आज शिक्षकांना हाच क्रम सांगतात. आपण बहुतेक वेळा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो.

यातलं बरंचसं बिनखर्चाचं आहे. दिवसभराचे तास फळ्यावर लिहून ठेवता येतात. बदल असेल तर आधी सांगता येतो. जाब साऱ्या वर्गासमोर न विचारता बाजूला घेऊन विचारता येतो. चालणं, टाळ्या, गाणं अशा तालबद्ध हालचालींनी बिथरलेलं शरीर शांत होतं, यावर पेरींचा मोठा भर आहे. आपल्या शाळांत एका सुरात म्हटलेली प्रार्थना, कवायत, पाढे आहेतच. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून सगळ्यात आधी त्यांनाच कात्री लावू नये.

याने शिस्त ढिली पडेल, अशी शंका रास्त आहे. पण लिंकन हायस्कूलची मुलं २००९-१० या वर्षात निलंबनामुळे एकूण ७९८ दिवस शाळेबाहेर होती. नवी पद्धत सुरू झाल्यावर, पुढच्याच वर्षी, तो आकडा १३५ वर आला.

जूनमध्ये आपल्याकडे शाळा उघडतील. आई किंवा वडील गमावलेलं, घरातल्या मारामारीतून उठून आलेलं एखादं मूल कुठल्या तरी बाकावर असेलच. शिक्षकांनी त्याची चौकशी आधी करावी, गृहपाठाचं दुसऱ्या दिवशी बघावं.