साखळी-दुकानाचें दिवाळें आणि उधार माल देणारा

नाशिक, दिंडोरी, पिंपळगांव या बाजूच्या बागायतदारांस गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवें गिऱ्हाईक लाभलें आहे. तें म्हणजे शहरोशहरीं एकाच नांवाच्या पाटीखालीं चालणारीं मोठीं दुकानें. यांचा काटा चोख, भाव प्रतवारीप्रमाणें ठरलेला, हमाली-तोलाईची कटकट नाहीं, अशी त्यांची वाखाणणी आम्हीं पुष्कळ ठिकाणीं ऐकिली आहे, व ती सर्वस्वीं खोटी आहे असेंहि नाहीं. 2016 सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांचा बाजार-समितीच्या आवाराबाहेरील व्यापार नियमनांतून मोकळा केल्यापासून अशा थेट व्यवहारास कायद्याची आडकाठीहि उरली नाहीं. परंतु असें एखादें दुकान बुडालें म्हणजे माल देणाऱ्याची बाकी कोठें राहते, याची माहिती आपल्या सभासदांपैकीं थोड्यांसच असावी. ‘बिग बझार’च्या हकीकतीवरून ती चांगली समजते, म्हणून ती हकीकत येथें देत आहों.

बिग बझार हें मुंबईच्या फ्यूचर समूहाचें दुकान. समूहाचे प्रमुख किशोर बियाणी यांनीं 1987 सालीं तयार कपड्यांचा धंदा सुरू केला, 1997 सालीं कलकत्त्यास ‘पँटलून्स’चें मोठें दुकान काढलें व 2001 सालीं बिग बझार उघडलें. धान्य, भाजी, भांडीं, कपडे सर्व एका छपराखालीं मिळावें, आणि बाजारांतल्यासारखी गर्दी व स्वस्ताईहि असावी, ही मूळ कल्पना. 2006 च्या 26 जानेवारीस ‘सबसे सस्ता दिन’ म्हणून जी विक्री जाहीर केली, तिला लोटलेली गर्दी आवरतां आवरेना. पुढें 2008 सालीं समूहानें गोदरेजच्या ‘आधार’ या खेड्यांतील दुकानांत मोठा हिस्सा घेतला. हें ‘आधार’ 2003 सालीं आपल्याच बाजूस, पुणें जिल्ह्यांतील मंचर येथें, शेतकऱ्यांकरितां म्हणून सुरू झालें होतें. 2017 सालीं ‘हायपरसिटी’ ही दुसरी साखळी सुमारें 655 कोटी रुपयांस विकत घेतली. 2020 पर्यंत चारशेंहून अधिक शहरांत मिळून सुमारें दीड हजार दुकानें झालीं. नाशकांतहि बिग बझारची पाटी होती.

आतां ही दुकानें चालतात कशीं तें पाहूं. मालकाचा स्वतःचा पैसा यांत थोडा असतो. जागा भाड्याची, फर्निचर व दिवाबत्ती बँकेच्या कर्जाची, आणि फळीवरचा माल उधारीचा. माल आज येतो, आठ-पंधरा दिवसांत रोखीनें विकला जातो आणि त्याचे पैसे महिन्या-दोन महिन्यांनीं द्यावयाचे असतात. मधल्या काळांत ती रोकड दुकानदाराच्या हातीं खेळते. विक्री वाढत असेपर्यंत हें चक्र फारच गोड वाटतें, कारण दर नवें दुकान आपल्याबरोबर नवी उधारी आणतें. परंतु भाडें व व्याज हीं विक्रीकडे पाहून थांबत नाहींत. विक्री घटली कीं माल देणाऱ्याचे पैसे भाड्यांत जातात. पैसे न मिळाल्यामुळें तो माल बंद करितो, फळ्या रिकाम्या दिसूं लागतात, आणि रिकाम्या फळीचें दुकान गिऱ्हाईक दुसऱ्यांदा चढत नाहीं. दुष्काळांत विहिरीचा एक झरा आटला म्हणजे मोट जशी खरवडूं लागते, तसाच हा प्रकार.

याची सूचना अगोदर मिळाली नव्हती असें नाहीं. मद्रासेची ‘सुभिक्षा’ ही वाणसामान व भाजीपाला विकणारी साखळी 1997 सालीं निघाली, थोड्या वर्षांत सोळाशें दुकानांपर्यंत वाढली आणि 2009 च्या आरंभीं रोकड संपल्यामुळें एकाएकीं बंद पडली. नोकरांचे पगार व माल देणाऱ्यांचीं बिलें तशींच राहिलीं. त्याच सुमारास इंग्लंडांत वूलवर्थ या शंभर वर्षांच्या साखळीचीं आठशेंहून अधिक दुकानें मिटलीं. तेव्हां जुनें नांव किंवा मोठा विस्तार हें पत मोजण्याचें माप नव्हे. फ्यूचर समूहालाहि कर्ज जड होऊन 2012 सालीं पँटलून्सची साखळी बिर्ला समूहास सुमारें 1,600 कोटींच्या व्यवहारांत द्यावी लागली. इतकें होऊनहि पुढें पुन्हां दुकानें विकत घेण्याचा सपाटा चालूच राहिला, हें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. याच धंद्यांतील ‘डी-मार्ट’नें 2002 सालीं मुंबईस पवईला पहिलें दुकान काढलें. बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या घेणें आणि माल देणाऱ्याचे पैसे थोडक्या दिवसांत चुकते करून त्याबद्दल भावांत सूट मिळविणें ही त्यांची रीत. वाढ सावकाश झाली, पण पाया पक्का राहिला.

2020 च्या मार्चांत टाळेबंदी आली आणि बिग बझारची रोजची रोकड थांबली. 29 ऑगस्ट 2020 रोजीं रिलायन्सनें हा सर्व किरकोळ व घाऊक धंदा 24,713 कोटी रुपयांस घेण्याचें जाहीर केलें. परंतु 2019 सालीं अमेरिकेच्या अमेझॉन कंपनीनें समूहाच्या एका लहान कंपनींत 49 टक्के भाग घेतला होता, व त्या करारान्वयें आपल्या संमतीवांचून विक्री होऊं शकत नाहीं असें तिचें म्हणणें पडलें. सिंगापूरच्या लवादानें ऑक्टोबर 2020 मध्यें विक्रीस मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानें 6 ऑगस्ट 2021 रोजीं ती मनाई येथें लागू होते असा निर्णय दिला. दोन बलाढ्य कंपन्या भांडत राहिल्या आणि मधल्या मधें दुकान वाळत गेलें. 2021 अखेर बँकांस द्यावयाचे सुमारें 3,494 कोटी रुपये भरतां आले नाहींत.

यापुढची गोष्ट जमिनीच्या भाषेंत सांगितल्यास आपल्या वाचकांस चटकन् उमजेल. भाडें थकलें तेव्हां पुष्कळ जागामालकांनीं रिलायन्सशीं नवे भाडेकरार केले, आणि रिलायन्सनें त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्यानें दिल्या. म्हणजे मूळचें कूळ जाऊन तेंच पोटकूळ झालें. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीस रिलायन्सनें पोटकरार संपवून जागा ताब्यांत घेण्यास आरंभ केला. असे करार नऊशेंहून अधिक होते. पुढें त्यांतील अनेक जागांवर ‘स्मार्ट बझार’ची पाटी लागली. ज्या कंपनीकडे आपली बाकी, तिच्याकडे आतां दुकानच उरलें नाहीं. एप्रिल 2022 मध्यें तारणदार बँकांपैकीं सुमारें 69 टक्के मतें विरुद्ध पडून रिलायन्सचा मूळ सौदाहि मोडला. बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून 20 जुलै 2022 रोजीं कंपनी-न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठानें फ्यूचर रिटेलचें दिवाळखोरीचें काम दाखल करून घेतलें. बँका वगैरे सावकारांचे दावे एकवीस हजार कोटींच्या वर गेले. एका कंपनीनें सर्व मिळून 550 कोटी देऊं केले, तें सावकारांस मान्य झालें नाहीं. अखेर 29 जुलै 2024 रोजीं कंपनी अवसायनांत काढण्याचा हुकूम झाला.

आपल्या कामाचा भाग यानंतरचाच आहे. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरीं सोसायटीचा बोजा चढलेला असतो; जमीन विकली तरी तो अगोदर फेडावा लागतो, हें आपणांस ठाऊक आहे. हातउसने देणाऱ्याचें नांव त्या सदरीं नसतें. आम्हीं दफ्तर सांभाळीत असतां याच एका ओळीच्या अभावीं खरें देणें मागणारे लोक रिकाम्या हातीं परत जातांना पाहिले आहेत. 2016 च्या दिवाळखोरी कायद्यांत क्रम असाच आहे. अवसायनांत जी रक्कम जमेल तींतून प्रथम कामाचा खर्च, मग एकाच पायरीवर कामगारांचें चोवीस महिन्यांचें येणें व तारण सोडून दिलेले तारणदार सावकार, नंतर इतर नोकरांचा बारा महिन्यांचा पगार, मग बिनतारणी सावकार, मग सरकारी देणें, आणि त्यानंतर माल देणारे. त्यांच्याहि खालीं भागीदार तेवढे राहतात. एकवीस हजार कोटींचे दावे वर असतां त्या पायरीपर्यंत काय उतरेल, तें ज्यानें त्यानें ताडावें.

अर्ज करण्याचा मार्गहि अरुंद आहे. मार्च 2020 पासून थकबाकी एक कोटीची असल्याशिवाय माल देणाऱ्यास या कायद्याखालीं अर्ज करितां येत नाहीं. दुसऱ्यानें अर्ज करून काम सुरू झालें म्हणजे दिवाणी दावे तहकूब होतात. बँका सावकारांच्या समितींत बसून मत देतात. माल देणाऱ्यास मत नाहीं. शेतकरी बहुधा दुकानाला थेट माल न देतां पुरवठादारास देतो, हेंहि लक्षांत घ्यावें. मग पुरवठादाराचे अडकले कीं शेतकऱ्याचे अडकतात, आणि कंपनीच्या वहींत शेतकऱ्याचें नांवसुद्धां नसतें. बाजार-समितीच्या आवारांत सर्व सुरक्षित आहे असें आम्ही म्हणत नाहीं, आणि द्राक्षाच्या शिवार-सौद्यांत दर हंगामांत व्यापारी कसे नाहींसे होतात हें सांगावयास नको. परंतु आवारांत परवान्याचा धाक तरी असतो.

म्हणून असल्या दुकानास किंवा उत्पादक-कंपनीमार्फत त्यास माल द्यावयाचा तर मुदत दिवसांत लिहून घ्यावी, आणि एका तोडीचे पैसे मिळाल्याशिवाय दुसरी तोड पाठवूं नये. दर खेपेस वजनाची व प्रतीची पोंच सहीशिक्क्यानिशीं घ्यावी. दिवाळें निघाल्यावर वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस येते, व तींत दिलेल्या मुदतींत दावा पुराव्यासह दाखल करावा लागतो; पोंच नसेल तर दावा उभाच राहत नाहीं. पोंचेवर दुकानाच्या पाटीचें नांव पुरत नाहीं, खरेदी करणाऱ्या कंपनीचें नोंदलेलें पूर्ण नांव हवें. ‘फ्यूचर’ या एकाच नांवाखालीं फ्यूचर रिटेल, फ्यूचर कन्झ्युमर, फ्यूचर एंटरप्रायझेस, फ्यूचर लाइफस्टाइल अशा निरनिराळ्या कंपन्या होत्या. त्यांपैकीं कांहीं पुढें वेगवेगळ्या अर्जांवर दिवाळखोरींत आल्या, आणि एकीचें देणें दुसरीकडे मागतां येत नाहीं.